खेळणे, एक नग

यवतमाळजवळ लोहारा गावातल्या माझ्या वर्कशॉपात, लेथच्या मागच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत एक सर्टिफिकेट आहे. शाईचा रंग आता कोऱ्या चहासारखा झाला आहे, पण अक्षर वाचता येतं. 'वाफेची गाडी. खेळणी विभाग. क्रमांक दुसरा.' पहिला क्रमांक कापसाच्या बाहुलीला मिळाला होता. ती करणाऱ्या बाईंबद्दल मी वाकडा शब्द बोलणार नाही. बाहुली सुबक होती, नाकात नथ होती. पण तिला बॉयलर नव्हता.

दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या आठवणी लिहा, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा घरच्यांनी सुचवलं की जिनातल्या आगी लिहा, पट्टा तुटून माणूस वाचला ते लिहा. ते सगळं कोणीही लिहील. माझ्या गाडीवर झालेला अन्याय मात्र अजून कुठे छापून आलेला नाही. तो आधी.

मी जिनाचा फिटर. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. शेतातून कापूस येतो तेव्हा त्याच्या पोटात सरकी असते. ती वेगळी काढणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणतात आणि असे रेचे जिथे ओळीने चालतात तो कारखाना म्हणजे जिन. सगळे रेचे पट्ट्यांनी एका लांब दांड्याला जोडलेले असतात आणि तो दांडा एक इंजिन फिरवतं. मी कोळसा वाहायला लागलो तेव्हा यवतमाळच्या आमच्या जिनात ते इंजिन वाफेचं होतं. दिवाळीनंतर सुरू झालं की उन्हाळा लागेपर्यंत चालायचं. माझी शाळा दुसरीत सुटली होती. पुढचं सगळं शिक्षण मी त्या इंजिनाच्या शेजारी, नेहमी एकाच बाजूला, एकाच जागी उभं राहून घेतलं. त्याचं मोठं चाक माझ्या समोर डावीकडून वर चढायचं आणि उजवीकडे उतरायचं. वीस वर्षं डोळ्यांना तेच वळण. हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

कोळसेवाल्याचा खलाशी, म्हणजे फिटरचा मदतनीस झालो, खलाशाचा फिटर झालो. कोणी हात धरून वर नेलं नाही. आवाजावरून दोष ओळखायला लागलो, तेव्हा मालक मला 'अहो राठोड' म्हणायला लागले. मग एका पावसाळ्यात, जिन बंद असताना, त्यांनी वाफेचं इंजिन विकून टाकलं आणि ऑइल इंजिन आणलं. ते चालायला लागलं की खोकला झालेला म्हातारा शेजारी झोपल्यासारखं वाटायचं. मी मालकांशी भांडलो. ते म्हणाले, "अहो राठोड, वाफेचे दिवस गेले." मी रागाने हातातला हातोडा टाकला, तो माझ्याच पायावर पडला. लंगडत घरी आलो आणि ठरवलं, आता आपण आपलं स्वतःचं वाफेचं इंजिन करायचं. जिनाचं इंजिन जन्मभर जागेवर फिरतं. माझं इंजिन कुठेतरी गेलं पाहिजे. म्हणजे रेल्वे.

इथेच पहिली अडचण आली. ती म्हणजे माझा बाप.

आम्ही बंजारे, दारव्ह्याकडच्या एका तांड्यातले. माझ्या आजाकडे लादणीचे बैल होते. त्यांच्या पाठीवर धान्य, मीठ, कापूस लादून आमची माणसं गावोगाव जायची. बापू, म्हणजे माझे वडील, लहानपणी त्या बैलांमागे चालले होते. मग मुर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत छोटी रेल्वे आली आणि माल तिच्यात बसून जायला लागला. आजाने एकेक करून बैल विकले. बापूंनी शेती धरली, पण रेल्वेला माफ केलं नाही. आमच्या शेताच्या बांधावरून रूळ दिसत. गाडीची शिटी ऐकू आली की बापू हातातलं काम थांबवायचे, तिच्याकडे पाठ करून बसायचे आणि ती गेली की उठायचे. यवतमाळला आले तर बैलगाडीने किंवा पायी. त्या गाडीत त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं.

बैलांपैकी घरात एकच वस्तू उरली होती. सगळ्यांत पुढच्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा, चांगली नारळाएवढी.

काम मी महाराष्ट्र राज्य होण्याच्या आधी दोन वर्षं सुरू केलं. जिन बंद असायचं ते पावसाळ्याचे महिने माझे. नकाशा नव्हता. यवतमाळच्या स्टेशनवर छोट्या गाडीचं इंजिन पाणी घ्यायला थांबायचं, तेव्हा मी सुतळी घेऊन जायचो आणि मापं घेऊन गाठी मारायचो. चाकाची एक गाठ, धुराड्याची दुसरी. ड्रायव्हर रहमानचाचा वरून बघायचे.

"क्यों रे फिटर, इंजन का कुर्ता सिलवाना है क्या?"

"चाचा, बाह्या केवढ्या ठेवू ते सांगा."

त्यांनी मला वर घेतलं आणि कोणती दांडी काय करते ते दाखवलं. एक दांडी पुढे केली की गाडी पुढे, मागे ओढली की गाडी मागे. मी ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, ही भानगड आपल्याला नको. जिनाच्या इंजिनाला अशी दांडी नसते. ते एकाच दिशेने फिरतं आणि त्याचं कधी अडलं नाही. रूळ तीस इंच रुंद होते, मी सहावा हिस्सा धरून पाच इंच केले. बाकी सगळं त्याच हिशेबाने. तयार गाडी दोन माणसांनी उचलावी लागे.

बॉयलरसाठी तांबं हवं होतं. भंगारवाल्याच्या ढिगात तांब्याचा जाड नळ पडलेला दिसला. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अर्धा तास एका पितळी मुठीचा भाव करत बसलो, आणि उठता उठता नळाला पाय लावून म्हणालो, "हा तुटका नळ देऊन टाक सोबत, न्हाणीचं पाणी काढायले होईन."

"तांब्याच्या नळानं न्हाणीचं पाणी काढतं? राजा हायेस का बे?"

पकडला गेलो. पण सौदा सोडला नाही. शेवटी नळाच्या बदल्यात त्याचा वजनाचा काटा दुरुस्त करून द्यायचं ठरलं. कोणाच्या बाजूने दुरुस्त करायचा ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सिलिंडर ओतायला पितळ हवं होतं. मी तांड्यात गेलो. घरात आम्ही बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायचो, वाचकांसाठी वऱ्हाडीत देतो.

"बापू, थे घंटा नुसती खुंटीले लटकून राह्यली. मले दे. बदल्यात नव्या दोन आणून देतो."

"दोन कायले? माह्ये बैल दोन झाले का?"

"मंग काय पाहिजे थे सांग."

"मले काहीच नाई पाहिजे. पाहिजे तर तुले आहे." मग म्हणाले, "अन् करशीन काय तिचं? रेल्वेच ना? जिनं बैल खाल्ले, तिच्या घशात आता घंटाही घालू?"

ज्याला काहीच नको असतं त्याच्याशी सौदा करता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. सिलिंडर फुटक्या तोट्यांचे ओतले.

बॉयलरचे सांधे हा सगळ्यांत नाजूक भाग. कथलाचा डाग, म्हणजे कथील वितळवून केलेला जोड, भांड्याला चालतो. बॉयलरमध्ये पाणी संपलं की कथील वितळतं आणि सांधा उघडतो. तिथे चांदीचा डाग पाहिजे, आणि तो सोनारालाच येतो. माझ्या खोलीशेजारी बाबाराव सोनार राहायचे. अंगाने भरलेले, बोलायला मोकळे. त्यांच्यापुढे नळ ठेवला तसे ते ओरडले, "हे कोणाचं कडं म्हणावं बाप्पा? हत्तीचं?"

त्यांच्या फुंकणीने त्या जाड तांब्याला घामसुद्धा फुटेना. इकडे तापवावं तर उष्णता तिकडे पळे. शेवटी अंगणात खड्डा खणला, बाभळीचा कोळसा पेटवला, अख्खा बॉयलर त्यात पुरला आणि दोन्हीकडून दोन स्टोचे भडके लावले. बाबाराव सांध्यांवर सुहागा, म्हणजे टाकणखार, टाकत होते आणि देवाचं नाव घेत होते. मी शिव्या देत होतो. दोन्हींपैकी कशाने ते सांगत नाही, पण चांदी पाण्यासारखी सांध्यात धावली.

नव्या बॉयलरची परीक्षा कधीही वाफेने घ्यायची नसते. आधी तो पाण्याने गच्च भरायचा आणि हातपंपाने दाबायचा, ठरलेल्या दाबाच्या दुप्पट. वाफ भरलेला बॉयलर फुटला तर माणूस जातो. पाणी भरलेला फुटला तर धोतर भिजतं. मी पंप मारत होतो आणि बाबाराव दाबाच्या काट्याकडे बघत होते.

"फिटर, फुटला तं?"

"तं तुमची आंघोळ होईन."

फुटला नाही. त्यांनी गूळ वाटला. मग इंजिन माझ्या टेबलावर, चाकं अधांतरी राहतील असं विटांवर ठेवलं. जागा अपुरी, म्हणून धुराडं डाव्या भिंतीकडे आलं. पाणी भरलं, आग लावली, वाफ धरली. चाक हललं. डावीकडून वर चढलं आणि उजवीकडे उतरलं, जिनात उतरायचं तसंच. वीस वर्षांनी ओळखीचा माणूस भेटावा तसं मला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुरावर ढकललं.

आणि त्याच पाण्याने घात केला. धुराडं डावीकडे आणि चाक उजवीकडे फिरतंय, याचा अर्थ काय, हे त्या क्षणी कोणत्याही शेंबड्या पोराने सांगितलं असतं. पण मी जिनाचा फिटर. मला चाक ओळखीचं दिसलं आणि मी खूश झालो.

त्याच सुमारास दारव्ह्याला एका जिनाच्या आवारात शेतीचं आणि हस्तोद्योगाचं प्रदर्शन भरायचं होतं. त्यात 'यंत्र विभाग' होता. मला बक्षिसाचं आकर्षण नव्हतं, असं मी म्हटलं तर खोटं होईल. मला तो कागद पाहिजे होता. दुसरीत शाळा सुटलेल्या माणसाकडे एकही सर्टिफिकेट नसतं. 'यंत्र' हा शब्द आणि त्याखाली माझं नाव, एवढंच मला छापील हवं होतं.

गाडी पेटीत घालून छोट्या रेल्वेनेच न्यायची होती. पार्सलच्या खिडकीवर बाबूने विचारलं, "काय आहे यात?"

"इंजिन."

"म्हणजे मशिनरी. त्याचा दर जास्त पडेल."

"कमी दर कशाले आहे?"

त्याने यादी चाळली. त्यात खेळणी सापडली.

"मंग खेळणं लिहा ना साहेब. लहानच तं आहे."

बाबूने पेटी हलवून पाहिली. ती हलली नाही. "एवढं जड खेळणं कोणाचं?"

"भीमाचं."

तो हसला आणि त्याने लिहिलं, 'खेळणे, एक नग.' ती चिठ्ठी पेटीला चिकटवली. सौदा जिंकल्याच्या आनंदात मी वाटेत दोन कप चहा प्यालो.

दारव्ह्याला प्रदर्शनातल्या स्वयंसेवकाने पेटीवरची चिठ्ठी वाचली, तीच वहीत उतरवली आणि माझी जागा दाखवली. एका बाजूला मातीचे बैल, दुसऱ्या बाजूला कापसाची बाहुली. वर पाटी, 'खेळणी विभाग'.

मी जो आरडाओरडा केला तो बैलबाजारापर्यंत गेला. प्रदर्शनाच्या कमिटीचे चिटणीस नानासाहेब वकील आले. गावातलं जुनं शिकलेलं घराणं, काळा कोट, शांत आवाज. शांत आवाजाच्या माणसाशी भांडताना माझा राग नेहमी दुप्पट होतो.

"राठोड, तुमच्याच पावतीवर खेळणं लिहिलं आहे."

"थे भाड्यासाठी लिवलं होतं."

"म्हणजे भाडं भरताना खेळणं आणि बक्षीस घेताना यंत्र?"

आजूबाजूचे लोक हसले. मी म्हटलं, "वकीलसाहेब, तुमी बी कोर्टात पक्षकार पाहूनच कायदा सांगता ना?"

आता तेही हसले. हा माणूस वाईट नव्हता, हे मला आज लिहावं लागतंय. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे बघा, जे काम करतं ते यंत्र. रूळ टाका. एक मोठा माणूस या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून न्या. मी स्वतःच्या हाताने विभाग बदलतो. कबूल?"

"कबूल."

रूळ मी बरोबर आणले होते. लोखंडी पट्ट्या आणि लाकडी चिपा, साधारण साठ फूट. दुपारपर्यंत ते अंथरले. त्यावर इंजिन कधी चाललेलं नव्हतं, कारण माझ्या खोलीत साठ फूट जागा नव्हती. आधी जरा चालवून बघू म्हणून इंजिन रुळाच्या मधोमध ठेवलं आणि त्याच्या मागे चार चाकांची बुटकी फळी जोडली, माणसाने घोड्यासारखं बसायची. बाबाराव सोनार खास माझ्यासाठी दारव्ह्याला आले होते. ते इंजिनाकडे तोंड करून फळीवर बसले. कमिटी दोन्ही बाजूंना उभी राहिली. मी वाकून वाफेची मूठ हळूच उघडली.

इंजिन फुसफुसलं, एक धक्का दिला आणि मागे निघालं. धुराडं मागे राहिलं आणि बाबाराव पुढे चालले, पाठ पुढे करून. त्यांना दिसत काहीच नव्हतं.

"फिटर! कुठी नेऊन राह्यला रे मले?"

"बसा, बसा!" मी ओरडलो, पण काय झालं ते मला कळलं होतं. डावीकडचं धुराडं, उजवीकडे फिरणारं चाक. विटांवरचं ते चित्र डोळ्यांपुढे लख्ख उभं राहिलं. असं चाक जमिनीला टेकलं की उजवीकडेच, म्हणजे धुराड्याच्या उलट धावणार. रुळाच्या शेवटी मूठ बंद करेपर्यंत बाबाराव मागच्या कडब्याच्या ढिगात अर्धे गेले होते.

नानासाहेबांनी विचारलं, "राठोड, गाडी परत कुठे पाठवता आहात?"

हसण्याचा एवढा मोठा आवाज मी जिन सोडून कुठे ऐकला नव्हता. मी हटलो नाही. "माणूस नेला का नाई टोकापर्यंत? स्टेशनवर शंटिंगमंदी इंजिन उलटंच चालते ना?"

"चालतं. पण तो ड्रायव्हर मनात येईल तेव्हा ते सुलटं करतो. तुम्हाला येतं करता?"

रहमानचाचांनी दाखवलेली ती दांडी मीच लावली नव्हती. नानासाहेबांनी घड्याळ पाहिलं. "मला अन्याय करायचा नाही. आम्ही चार वाजता परत येतो. तोपर्यंत ती धुराड्याच्या बाजूने चालली तर यंत्र."

चारला पुरता अडीच तास वेळ होता. काम काय, तर आग काढायची, इंजिन निवू द्यायचं, आतल्या दांड्यावर वाफेची वेळ ठरवणाऱ्या दोन चकत्या असतात, त्यांचे स्क्रू ढिले करून त्या अर्धा फेरा फिरवायच्या, स्क्रू आवळायचे, पुन्हा आग. दोन तासांत झालंच पाहिजे असं काम. मी पाना काढला आणि आग ओढायला वाकलो.

तेवढ्यात घंटेचा आवाज आला.

बापू उभे होते. त्यांच्यामागे तांड्यातले पाच म्हातारे, सगळे बैलांच्या प्रदर्शनासाठी आलेले. आमच्या तांड्याचा एक गोऱ्हा स्पर्धेत होता, त्याच्या गळ्यात त्या दिवसापुरती ती घंटा बांधली होती. स्पर्धा संपली म्हणून बापू ती काढून हातात घेऊन आले होते. एवढे लोक का हसतात ते बघायला आले आणि पोरगा दिसला.

"काय झालं?"

"काही नाई बापू. उलटी चालली. आता सुलटी करतो."

"उलटी म्हणजे?"

"मागं गेली."

बापू इंजिनाकडे बघत राहिले. पाठ फिरवायचं त्यांना सुचलंच नाही. "रेल्वे मागं गेली?"

"हो ना बापू, चूक झाली माही."

ते मागे वळले आणि पाचही म्हाताऱ्यांना गोरबोलीत मोठ्याने म्हणाले, "ऐकलं का? रेल्वे मागं सरली!" सहाच्या सहा म्हातारे हसायला लागले. मघा हसले ते लोक माझ्यावर हसले होते. हे तसं नव्हतं. बापूंना मी त्याआधी असं हसताना पाहिलं नव्हतं, त्यांचे वरचे तीन दात नाहीत हे मला त्या दिवशी कळलं.

"मले बसव," बापू म्हणाले.

"बापू, आता नाई. आग काढून राह्यलो."

"आधी बसव."

इंजिन ढकलत दुसऱ्या टोकाला नेलं आणि त्यांना बसवलं. ते बाबारावांसारखे इंजिनाकडे तोंड करून बसले नाहीत. इंजिनाकडे पाठ करून बसले, सवयीने. आणि इंजिन मागे जाणार असल्यामुळे त्यांचं तोंड बरोबर जायच्या दिशेला आलं. मग त्यांनी वाकून फळीच्या टोकाच्या खिळ्याला ती घंटा अडकवली.

"हे काय करून राह्यला, बापू?"

"लादणीच्या कळपात पुढं कोण असते? ज्याच्या गळ्यात घंटा थो. बाकी सगळे त्याच्या मागं. आता घंटा इकडे आहे, म्हणजे पुढं इकडंच. तुही गाडी सुलटी झाली. चालव."

मी मूठ उघडली. इंजिनाने बापूंना मागून ढकललं. घंटा वाजत होती, बापू पाय वर धरून बसले होते आणि मी बाजूने वाकून चालत होतो. बोटं भाजत होती. रुळाच्या शेवटी त्यांनी हात वर केला, आजा बैलांना थांबवताना करायचा म्हणे तसा, आणि मी वाफ बंद केली. गाडी एकाच दिशेने चालणारी, म्हणून ती परत हाताने ढकलत आणायची. ते काम पाच म्हाताऱ्यांनी घेतलं. बैल हाकतात तसे हाकारे देत त्यांनी इंजिन परत आणलं आणि दुसरा म्हातारा बसला.

मी पाना हातात घेऊन उभा होतो. "बापू, चार वाजता कमिटी येते. आता आग नाई काढली तं माहा नंबर जाते. ते याले खेळणं म्हणतीन."

"कमिटीचे बैल गेलते का रेल्वेपायी?"

"नाई."

"मंग त्यायले काय समजते? ठेव थो पाना."

पाना मी ठेवला नाही. मी घड्याळ बघत होतो. दोन वाजता आग काढली असती तरी जमलं असतं. दोन वाजता चौथा म्हातारा बसला होता. त्याला गुडघ्यांमुळे बसायलाच वेळ लागला. मी ठरवलं, हा उतरला की आग काढतो. तो उतरला तेव्हा बापू पुन्हा रांगेत उभे होते, सगळ्यांत शेवटी, शहाण्या माणसासारखे. इंजिनाची आग मंद झाली होती. एका हाताशी कोळसा होता, दुसऱ्या हातात पाना. कोणी मला भरीला घातलं नाही, कोणी शपथ दिली नाही. मी पाना खिशात टाकला आणि कोळसा घातला.

चार वाजता नानासाहेब आले तेव्हा रांगेत तांड्यातले, बाजारातले मिळून वीसेक लोक होते आणि बाबाराव सगळ्यांना ओळीने उभं करत होते. बापू तिसऱ्यांदा बसले होते. घंटा वाजत होती. नानासाहेबांनी एक फेरी पूर्ण पाहिली.

"राठोड, दुरुस्त नाही केली?"

"करायची गरज नाई. आमच्यात घंटा असते तिकडे पुढं असते. गाडी पुढंच चालली."

"हे कमिटीच्या नियमात बसत नाही हो." मग लोकांकडे बघून हळूच म्हणाले, "आणि एक सांगू का? इतकी माणसं ज्याच्याशी खेळतायत, ते खेळणंच ना?"

मी त्यांना जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. मग रुळाला लाथ मारली, हातोडा पडला होता त्याच पायाने. सर्टिफिकेट तीन दिवसांनी आलं. मी कमिटीला अर्ज केला. पुढच्या वर्षी पुन्हा केला. नानासाहेब असेपर्यंत दर वर्षी करत राहिलो आणि ते दर वर्षी स्वतःच्या अक्षरात उत्तर द्यायचे की विचार चालू आहे. त्यांच्यानंतर उत्तर येणं बंद झालं. त्याची मात्र चुटपुट लागली.

गाडी अजून चालते. स्वतःचं वर्कशॉप टाकलं तेव्हा मागच्या अंगणात कायमचे रूळ घातले. गिऱ्हाईक येतं, बघतं आणि म्हणतं, फिटर, दोन स्क्रूचं काम, तुमच्यासारख्याने उलटी कशी ठेवली? त्यातल्या दोघांनी चांगला भाव सांगून ती विकत मागितली, सुलटी करून द्याल तर. मी भाव ऐकून घेतला, सवयीने दोनदा वाढवून घेतला आणि नाही म्हणालो.

बापू त्या दिवसानंतर छोट्या गाडीत बसायला लागले. दारव्ह्याहून यवतमाळला माझ्याकडे यायचे. जागा मात्र इंजिनाकडे पाठ होईल अशीच घ्यायचे, आणि ती रिकामी नसली तर उभे राहायचे.

प्रदर्शनाच्या त्या संध्याकाळी आम्ही बैलगाडीने तांड्याकडे निघालो होतो. पेटी मागे, मी तिच्यावर, तोंड वाकडं करून. निकालाची यादी फळ्यावर लागली होती, ती वाचून आलो होतो. बापू बैल हाकत होते. मग म्हणाले, "दुसरा नंबर म्हणजे काय असते?"

"म्हणजे आपल्या पुढं एक जण आहे."

"कोण?"

"बाहुली. कापसाची."

"तिच्या गळ्यात घंटा होती का?"

"नाई."

"मंग थे पुढं कशी?"